शिकारीसकट नोंद : श्रीलंकेतले आठ दिवस

निघण्याच्या आदल्या रात्री वहीची पानं आखून घेतली. सहा रकाने : वेळ, जागा, उजेड, शिकारी, शिकार, आणि कसं पकडलं.

गेल्या काही वर्षांत जिथे जिथे कीटक बघत हिंडले, तिथल्या याद्या माझ्याकडे आहेत. इतके चतुर, इतक्या टाचण्या (चतुरांची बारीक, नाजूक भावंडं), इतके प्रार्थनाकीटक. मध्यंतरी त्या परत वाचायला घेतल्या आणि मन खट्टू झालं. शिकारी कीटकांच्या याद्या, आणि शिकारीचा उल्लेख एकाही ओळीत नाही. कोण राहतं ते कळतं, पण ते काय करून जगतं ते कळत नाही. म्हणून या खेपेला ठरवलं की शिकारी दिसला की शिकार दिसेपर्यंत थांबायचं. जाती कमी नोंदल्या गेल्या तरी चालतील.

श्रीलंका निवडली त्यालाही कारण होतं. सह्याद्री आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच मोठा प्रदेश मानला जातो. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली की मधली उथळ पट्टी उघडी पडायची आणि दोन्हीकडची जमीन जोडली जायची. तरीही बेटाच्या नैर्ऋत्येकडच्या ओल्या जंगलांत आपल्याकडे नसलेले कितीतरी जीव घडले. सगळ्या बेटावर चतुर आणि टाचण्यांच्या सव्वाशेच्या वर जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत.

परवान्याशिवाय तिथून एकही कीटक उचलता येत नाही, मेलेलासुद्धा नाही. तो नियम मला पटतो. आम्ही त्याच्याही पुढे गेलो : जाळी नाही, बाटल्या नाहीत, कुजलेलं लाकूड फोडायचं नाही, दगड उलटले तर होते तसे ठेवायचे. सोबत कॅमेरा, भिंग, विजेरी आणि वही. कॅमेरा माझ्या भाच्याच्या हातात. जवळून फोटो काढण्यात त्याचा हात धरणारं माझ्या ओळखीत कोणी नाही.

पहिला दिवस : कँडी, उडवत्तकेले

विमानतळावरून थेट कँडी. दुपारी तीनला उडवत्तकेलेच्या फाटकात होतो. दळदा मालिगावाच्या, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिराच्या, मागेच हे शंभरेक हेक्टरचं जंगल आहे. खाली शहराचा गोंगाट आणि दहा मिनिटं चढून आलं की हातभर जाड वेली.

इथे यायचं होतं ते एका मुंगीसाठी. १८९२ साली यूजीन सिमों या फ्रेंच कोळी-अभ्यासकाला कँडी परिसरात एक बारीक पिवळी मुंगी मिळाली आणि पुढच्या वर्षी मुंग्यांचे अभ्यासक कार्लो एमरी यांनी तिला अ‍ॅन्युरेटस सायमोनी असं नाव दिलं. मुंग्यांच्या एका संपूर्ण उपकुळातली ही एकच जात आज जिवंत आहे. तिचे नातेवाईक आहेत ते सगळे जीवाश्म, काही तर बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरात, म्हणजे झाडांच्या गोठून दगड झालेल्या चिकात, अडकलेले. १९५५ साली अमेरिकी मुंगी-अभ्यासक एडवर्ड विल्सन तिला शोधायला बेटावर आले. त्यांनी याच जंगलात हुडकलं आणि हात रिकामे राहिले. शेवटी ती त्यांना रत्नपुराजवळच्या जंगलात भेटली. आज ती अतिसंकटग्रस्त जातींत मोडते.

आम्हाला उडवत्तकेलेत ती दिसेल अशी आशा नव्हती. तरी जिथून तिची कहाणी सुरू झाली ती पानगळ एकदा डोळ्यांखालून घालावीशी वाटली. अर्धा तास ओणवं बसून पाहिली. बारीक काळ्या मुंग्या, स्प्रिंगटेल म्हणजे उड्या मारणारे बिनपंखी बारीक जीव, एक गोगलगाय. पिवळं काही नाही.

वहीतली पहिली खरी नोंद तळ्यावर झाली. ऑर्थेट्रम सबीना हा काळ्या-हिरव्या पट्ट्यांचा, बारीक कमरेचा चतुर. आपल्याकडच्या प्रत्येक डबक्यावर असतो म्हणून मी त्याच्याकडे फारसं बघत नसे. तो काठीवर बसला होता. ४:२० ला उठला आणि परत बसला तेव्हा पायांच्या पिंजऱ्यात एक निळसर टाचणी होती. आधी डोकं, मग छाती. जबड्यांचा आवाज ऐकू येतोय असं वाटावं इतक्या जवळ आम्ही होतो. सात मिनिटांत टाचणीचे चार पंख पाण्यावर तरंगत राहिले. सबीना आपल्याच भाऊबंदांना खातो हे ठाऊक होतं, पण पंख उरलेले कधी पाहिले नव्हते.

"मावशी, शिकारच्या रकान्यात जात लिहायची?"

पंखांवरून जात ठरवता आली नाही. 'टाचणी, नर, निळसर' एवढंच लिहिलं.

दुसरा दिवस : पेरादेनियाचा बाग

१८२१ साली उभा राहिलेला हा वनस्पतिबाग महावेली नदीच्या वळणात आहे. लोक ऑर्किड आणि ताडांच्या रांगा बघायला येतात. आम्ही एका झाडाच्या खोडाला चिकटून सकाळचे चार तास काढले, कारण त्याच्यावर विणकर मुंग्यांचं राज्य होतं. सिंहली लोक तिला दिमिया म्हणतात. आमच्या सोबत वाट दाखवायला आलेल्या काकांनी लांबूनच दोनदा बजावलं, "दिमिया, मॅडम, चावते!" आणि ती चावलीच.

पानांची घरटी बहुतेकांनी पाहिलेली असतात. ती शिवताना पाहायला मात्र वेळ द्यावा लागतो. आधी कामकरी मुंग्या एकमेकींची कंबर धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या जबड्यात अळ्या घेऊन येतात. अळीचं तोंड एका कडेला टेकवायचं, मग दुसऱ्या कडेला, परत पहिल्या. अळीच्या तोंडून रेशीम सुटत राहतं. प्रौढ मुंगीला रेशीम येत नाही, म्हणून घर शिवायला पोरांना हाताशी धरावं लागतं.

शिकार ९:३५ ला आली. करड्या रंगाचा भुंगेरा, मुंगीच्या दुप्पट लांब, फांदीवर उतरला आणि एका मुंगीने त्याचा मागचा पाय धरला. मग दुसरीने दुसरा. डंख नाही, घाई नाही. प्रत्येकीने एकेक पाय धरून मागे ताणायला सुरुवात केली. भुंगेरा जागच्या जागी ताणला गेला. मी अकरा मुंग्या मोजल्या. त्या पोट उचलून त्याच्यावर आम्ल फवारत होत्या, आंबटसर वास आमच्यापर्यंत आला. बेचाळीस मिनिटांनी त्याचे पाय हलायचे थांबले आणि मग त्याला खोडावरून वर नेलं.

हा गुण माणसाने फार लवकर हेरला. चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या एका ग्रंथात संत्र्यांच्या बागांसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. पण त्याच झाडावर, चार हात पलीकडे, याच मुंग्या रस शोषणाऱ्या खवले किड्यांची राखण करत होत्या. मुंगी मिशांनी थोपटते, किडा गोड थेंब सोडतो. म्हणजे शिकारी आणि गुराखी एकाच वारुळातले. माझ्या रकान्यांत हे बसत नव्हतं. पानाच्या समासात लिहिलं.

दुपारी ऊन चढल्यावर डाकू माशी, म्हणजे रॉबर फ्लाय, दिसली. कुंपणाच्या खांबावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ठिपक्याकडे मान वळवत होती. तिसऱ्या झेपेला एक छोटी मधमाशी घेऊन परतली. डाकू माशी सोंड खुपसून विषारी लाळ सोडते आणि आतलं सगळं विरघळल्यावर शोषून घेते. तोंडाभोवती राठ केसांची मिशी असते, ती बहुधा धडपडणाऱ्या शिकारीपासून डोळे वाचवायला. मधमाशी, नांगीसकट, पाच मिनिटांत हलकं फोल झाली.

तिसरा दिवस : कँडी ते कुडावा

दिवस गाडीत गेला. रत्नपुरा, कलवाना, आणि मग चहाच्या मळ्यांतून खड्ड्यांचा रस्ता. संध्याकाळी सिंहराजा जंगलाच्या काठावरच्या कुडावा गावाला पोचलो तेव्हा विजा चमकत होत्या. मार्चमध्ये इथे दुपारनंतर असं रोजचंच.

मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर एक दिवा होता. जेवणानंतर यजमानांच्या आईने साखर न घातलेला चहा आणि कितुल ताडाच्या गुळाचा खडा पुढे ठेवला. गूळ चावायचा आणि वर घोट घ्यायचा. दिव्याखालच्या भिंतीवर हिरवा, बोटभर लांब प्रार्थनाकीटक येऊन बसला होता, जेवायलाच. दीड तासात तीन पतंग. तिन्ही वेळा झेप बघायची म्हणून डोळे रोखून बसले आणि तिन्ही वेळा मला झेपेच्या आधीचं आणि नंतरचंच दिसलं. मधलं भाच्याच्या कॅमेऱ्याने पाहिलं.

त्याला या किड्याच्या कानाबद्दल सांगत होते. प्रार्थनाकीटकाला बहुतेक जातींत एकच कान असतो, आणि तो छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मधल्या खाचेत. १९८६ सालापर्यंत तो बहिराच आहे असं समजत. आपल्याला ऐकू न येणारा वटवाघळांचा आवाज तो ऐकतो आणि उडता उडता एकदम खाली सूर मारतो. मी हे सांगत असतानाच एक वटवाघूळ दिव्याच्या उजेडातून दोनदा गेलं. भिंतीवर बसलेला आमचा किडा हलला नाही. उडत असता तर काय केलं असतं ते बघायला मिळालं नाही.

चौथा दिवस : सिंहराजा

सिंहराजा हे नाव मराठी कानाला परकं वाटत नाही. १९८८ पासून हे जंगल जागतिक वारसा आहे, पण त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी इथे प्लायवूडसाठी कुऱ्हाड चालली होती. लोकांनी विरोध केला आणि १९७० चं दशक संपता संपता तोड थांबली. कुडावाकडून आत जाणारी रुंद वाट त्या काळातल्या लाकूड-गाड्यांची आहे. वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, जन्म याच गावातला. मी त्यांना अय्या म्हणू लागले, म्हणजे थोरला भाऊ. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे त्यांनीच चढवून दिले.

वाटेवर, उन्हाचा कवडसा पडला होता तिथे, टायगर बीटल, म्हणजे धावून शिकार पकडणारा भुंगेरा. पळतो, थबकतो, पळतो, थबकतो. हे थबकणं दमल्यामुळे नाही. तो इतका वेगाने धावतो की त्याच्या डोळ्यांत पुरेसा उजेड गोळा होत नाही आणि धावताना शिकार दिसेनाशी होते. थांबून परत हेरायची आणि पुन्हा सुटायचं. धावताना मिशा पुढे ताठ धरलेल्या असतात, आंधळ्याच्या काठीसारख्या, वाटेतला अडथळा कळावा म्हणून. हे सगळं माहीत असूनही समोर पाहताना अंगावर काटा आला. चार थांब्यांत त्याने एक मुंगी गाठली.

अय्यांनी वाटेच्या कडेच्या मातीच्या उभ्या कापावर बोट ठेवलं. पेन्सिलीने पाडल्यासारखी गोल भोकं. "बीटलचं पिल्लू," ते म्हणाले. मी भिंग लावलं तर एकही भोक दिसेना. अळ्यांनी आपल्या चपट्या डोक्यांनी तोंडं बंद केली होती, मातीच्या रंगाच्या झाकणांसारखी. भाचा तिथे मांडी घालून बसला. एक तास चाळीस मिनिटं. एक मुंगी झाकणापासून बोटभर अंतरावरून गेली आणि अळी मागे झुकून अर्धी बाहेर आली, मुंगी धरली आणि आत गेली. शिकार ओढताना स्वतःच बाहेर खेचलं जाऊ नये म्हणून अळीच्या पाठीवर, पाचव्या पोटवळ्यावर, वळलेले आकडे असतात. ते बिळाच्या भिंतीत रुततात. फोटोत मुंगीचा एक पाय आणि अळीचे जबडे एवढंच आलंय. मला तो फोटो सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा वाटतो.

दुपारी ओढ्यावर. युफिया स्प्लेंडेन्स ही बेटावरचीच टाचणी, नराचे मागचे पंख उन्हात तांब्या-हिरव्याने पेटतात. काठाच्या काटकीवर लिबेलॅगो ग्रीनी, बुटकी आणि रत्नासारखी. सिलोनचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ ग्रीन यांच्या नावाची. वर घिरट्या, खाली पाण्यावर निवळ्या, म्हणजे गोल गोल फिरणारे भुंगेरे, ज्यांचे डोळे दुभागलेले असतात : एक जोडी पाण्यावरचं बघायला, एक पाण्याखालचं. त्यांच्यात लांब पायांचे पाणीकिडे, पाण्याच्या पडद्यावरून थरथर ओळखणारे. वरून पडलेली एक माशी पाणीकिड्याने तीन सेकंदांत गाठली. सिंहलीत चतुराला बत्कूरा म्हणतात. अय्या हा शब्द इतक्या प्रेमाने उच्चारत की मीही तोच वापरू लागले.

त्या दिवशी सत्तावीस शिकारी नोंदले. सोबत शिकार दिसली ती सहांची.

पाचवा दिवस : पाऊस

पहाटेपासून कोसळला तो तीनपर्यंत. आत जाता आलं नाही.

पण घराच्या वळचणीखाली, जिथे पाऊस पोचत नाही तिथे, धुळीत सुबक खड्डे होते. अँटलायनचे, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी दबा धरून मुंग्या पकडणाऱ्या अळ्यांचे. सगळं जंगल ओलं चिंब असताना या अळ्यांना लागणारी कोरडी माती माणसाच्या छपराखालीच उरली होती. खड्ड्याचा उतार माती जेमतेम टिकेल असाच असतो. मुंगी काठावरून घसरली की तळातली अळी डोक्याने माती उडवते, मग उरलासुरला आधारही निसटतो. या अळीच्या आतड्याचं मागचं टोक बंदच असतं. खाल्लेल्याचा मळ ती प्रौढ होऊन पंख फुटेपर्यंत आत साठवते. यजमानांची नात आमच्या शेजारी उकिडवी बसून खड्डे मोजत होती. तिने एकतीस सांगितले, मी एकोणतीस मोजले होते. परत मोजले. तिचं बरोबर होतं.

सहावा दिवस : पिवळी मुंगी

अ‍ॅन्युरेटसची नोंद सिंहराजातही झालेली आहे. ती कुजलेल्या काटक्यांत घरं करते, दोन-तीन मिलिमीटरची, पानगळीतले बारीक जीव पकडते, पडलेली फळंही खाते. तिला शोधायची नेहमीची रीत म्हणजे काटक्या एकेक करून मोडणं. ती आम्ही बंद करून टाकली होती. म्हणजे ती स्वतः बाहेर येईल तेव्हाच.

अय्यांना सगळं सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि वाटेपासून थोडं आत, पाऊस मुरलेल्या सपाटीवर नेलं. वर मोठी झाडं, खाली पानांचा घोट्यापर्यंतचा थर. एक हात लांब, एक हात रुंद चौकोन नजरेने आखून घेतला आणि पालथं पडून पाहायला लागलो. सकाळी ७:५० ते दुपारी १:१५.

आधी जे आलं ते काही कमी नव्हतं. ओडोंटोमॅकस ही खटका-जबड्याची मुंगी, जबडे दोन्ही बाजूंना काटकोनात उघडे ठेवून चालत होती. आतले बारीक केस कशाला टेकले की जबडे मिटतात. तिच्या एका अमेरिकी भावंडाचे जबडे सेकंदाला पस्तीस ते चौसष्ट मीटर वेगाने मिटतात असं मोजलं गेलंय. प्राण्यांच्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. पानावर टिक असा आवाज आला. गोमेचं पिल्लू दोन भागांत होतं. मग एक मारेकरी ढेकूण, पाठीवर मातीचे कण आणि कचरा चिकटवून घेतलेला, इतका हळू की तो हलतोय हे कळायला समोरच्या काडीशी मेळ घालावा लागला.

१२:४० ला भाच्याने माझ्या मनगटावर बोट ठेवलं. एका कुजक्या काटकीच्या टोकाशी, पानाच्या कडेवर, पिवळी मुंगी. तीन मिलिमीटरच्या आतली. जबड्यात पांढरट स्प्रिंगटेल. तिच्या पाठीच्या मागच्या टोकाला दोन काटे आहेत हे मला भिंगातून स्पष्ट दिसलं आणि श्वास अडकला. अ‍ॅन्युरेटसला ते असतात. पण फायडोल वंशातल्या काही पिवळ्या मुंग्यांनाही असतात. फरक कमरेत आहे. अ‍ॅन्युरेटसच्या कमरेला लांब दांड्यावर एकच गाठ असते, फायडोलच्या कमरेला दोन. भाच्याने अकरा फोटो काढले. पुढच्या क्षणी मुंगी पानाखाली गेली. काटकीत गेली की पलीकडे गेली, कळलं नाही.

तिथेच पडद्यावर फोटो मोठे करून पाहिले. डोकं आहे, काटे आहेत, स्प्रिंगटेलची मिशीसुद्धा आहे. कमरेवर बरोबर पानाची कड. पहिली गाठ दिसते. तिच्यामागे दुसरी आहे की नाही ते पानाने झाकलंय. अकराच्या अकरा फोटोंत.

काटकी हातभर अंतरावर होती. बोटांनी दुमडली असती तर उत्तर मिळालं असतं. भाचा काही बोलला नाही, मीही नाही. ती एकटीच जात उरलेली, तिच्या घराचं छप्पर उचलून मी माझी वही पुरी करायची, हे मला करवलं नाही. आणखी अर्धा तास वाट पाहिली. अय्या छत्री धरून उभे होते, ढग उतरायला लागले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

वहीत लिहिलं : 'पिवळी मुंगी, पाठीला दोन काटे, कमरेच्या गाठी अनिश्चित. जात ठरलेली नाही. शिकार : स्प्रिंगटेल, जिवंत. काटकी जशीच्या तशी.' जागेची नोंद अचूक केली. परवाना घेऊन येणाऱ्या अभ्यासकाला ती काटकी, निदान ती सपाटी, सापडावी.

सातवा दिवस : सावलीतल्या टाचण्या

सकाळी ओढ्याच्या अशा फाट्यावर गेलो जिथे दुपारीही ऊन पोचत नाही. इथे प्लॅटिस्टिक्टिडी कुळातल्या टाचण्या राहतात. सुईसारख्या लांब, काळपट, पंखांची उघडझाप क्वचितच. सिलोनोस्टिक्टा हा त्यांच्यातला वंश याच बेटावरचा, आणि त्याच्या काही जाती मोजक्याच ओढ्यांवर ठाऊक आहेत. त्या फार उडत नाहीत, ऊन सोसत नाहीत. ओढ्यावरची सावली कोणी तोडली तर त्यांना दुसरीकडे जायचा मार्ग नसतो. चतुरांच्या धडाडीचं कौतुक सगळीकडे होतं. प्रयोगशाळेत सोडलेल्या माश्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ते पकडतात, हे खरंच आहे. पण या टाचण्या तासभर एका नेच्याच्या टोकाला लोंबकळून एक चिलट पकडतात, आणि मला त्यांची काळजी जास्त वाटते. चार टाचण्या दिसल्या, शिकार एकीची.

परतताना एका गुळगुळीत खोडावर ट्रायकाँडिला. टायगर बीटलचाच भाऊ, पण पंख हरवलेला, काळा, मोठ्या मुंगळ्यासारखा. मी डावीकडून गेले की तो उजवीकडे सरके. आम्ही दोघांनी दोन बाजू धरल्या तेव्हा तो सरळ वर पळाला. तेवढ्यात डोक्यावरून पक्ष्यांचा थवा गेला, नारिंगी चोचीचे सातभाई आणि त्यांच्या मागे तुरेवाला कोतवाल. त्यांच्या वाटेतली पानं झडझडली आणि उडालेले किडे कोतवालाने हवेतच टिपले. आम्ही तासन्‌तास ज्यांची वाट पाहत होतो त्या शिकाऱ्यांनाही तिथे लपावं लागलं. ट्रायकाँडिला परत दिसला नाही.

रात्री घराच्या मागच्या पायवाटेवर लेप्टोजेनिस मुंग्यांची रांग, काळी, चकाकणारी, विजेरीच्या झोताला न जुमानता चाललेली. जाताना जबडे मोकळे, येताना प्रत्येकीच्या जबड्यात फिकट वाळवी. दहा मिनिटांत परतणाऱ्या दोनशे तीस मोजल्या. जवळपास सगळ्यांकडे वाळवीच होती. शिकारीचा रकाना इतक्या सहज प्रवासात दुसऱ्यांदा भरला नाही.

आठवा दिवस : समुद्र

हिनिदुमवरून किनाऱ्यावरच्या गॉल शहराकडे उतरलो. अय्यांनी निरोप देताना विचारलं, पुढच्या वेळी कधी. मी मे म्हणाले, पावसानंतर बत्कूरा भरपूर असतील. ते म्हणाले, "ती काटकी मी बघून ठेवतो, मॅडम. हात नाही लावणार."

विमान रात्रीचं होतं. दुपार गॉलच्या पुढच्या एका मोकळ्या पुळणीवर घालवली. ओल्या वाळूच्या पट्ट्यावर, लाटेच्या टोकाला लागून, टायगर बीटल. पितळी रंग, पंखांच्या कडेला पांढऱ्या फाट्यांची नक्षी, बहुधा हायपीथा बायरॅमोसा. जंगलातल्यासारखेच पळायचे नि थबकायचे. फक्त इथे लाट आली की सगळे एकदम हातभर उडून मागे बसत आणि पाणी ओसरायच्या आत परत पुढे.

५:१० ला लाटेने एक वाळूतली उडी मारणारी बारीक कोळंबीसारखी चिंगळी वर टाकली. दोन बीटल तिच्याकडे धावले. एक थबकला, दुसरा थबकला नाही आणि तिच्या शेजारून पुढे निघून गेला. पहिल्याने पुन्हा हेरलं आणि धरली.

भाच्याने वही माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर एक ओळ रिकामी होती. वेळ, जागा, उजेड लिहिला. शिकारच्या रकान्यात चिंगळी लिहीत असतानाच पुढची लाट आली आणि आम्ही दोघेही मागे सरलो.